दोर न लावता वेल्ह्याला

बांगड्या भरणारी मासूमा मण्यारीण साठीला टेकली तेव्हा गाडी चालवायला शिकली, आणि तीही अशी गाडी, की जी चालू आहे की बंद हे गाडीलाच ठाऊक नसायचं. लायसन्सच्या परीक्षेला साहेब खिडकीशी वाकले नि म्हणाले, "बाई, गाडी चालू करा."

"चालूच हाय की."

"थट्टा नको. चालू करा."

मासूमानं पाय नुसता टेकवला, तर साहेबांचा चष्मा आरशाला अडकून निम्म्या मैदानापर्यंत गेला. चष्मा हाती आल्यावर साहेबांनी मुकाट्यानं सही केली.

गाडी विजेवरची. दोन दारांची, डाळिंबी रंगाची, लांबून बघितलं तर कुणी रस्त्यात ट्रंक विसरून गेलंय असं वाटावं. भोरचं माहेर असलेल्या पुण्याच्या एका बाईंनी ती मासूमाला जर्सी गाईच्या भावात दिली होती. देताना म्हणाल्या, "चाची, बॅटऱ्या दमल्यात हं." मासूमा म्हणाली, "म्या तरी कुठं ताजी हाय?"

तिचे गुण लई. क्लच नाही, गियर नाही, पंपावर रांग नाही. आवाज तर इतका नाही, की एकदा किकवीचा भिमा बॉनेटवर टेकून बिडी ओढत बसला होता, मासूमानं त्याला बघितलं नाही, त्यानं गाडी निघालेली ऐकली नाही. सारोळ्याचा पूल आला तेव्हा तो म्हणाला, "आज वारं जरा जास्तच सुटलंय." पण खरा गुण कळायला बांगड्यांचा धंदा लागतो. डिझेल जीपमध्ये पेटी ठेवली की इंजिनाच्या थरथरीनं कापूरहोळ येईतो काचेचा चुरा व्हायला सुरुवात. या गाडीत बांगड्या पाळण्यातल्यासारख्या झोपून जायच्या.

आणि खोड? खोड एकच, पण ती डोंगराएवढी. गाडीला लागायची लाईट, आणि भारनियमनाच्या त्या सालात लाईट जावयासारखी झाली होती: मनाला येईल तेव्हा यायची, आली की सगळ्यांनी धावपळ करायची, आणि ताट वाढलं की उठून जायची. कुठल्या गावाला कधी असते हे मासूमाला तोंडपाठ होतं. दमल्या बॅटऱ्यांना ती स्वतःच्या चहाआधी पाणी पाजायची, तेही नळाचं चालायचं नाही, विकतचं लागायचं. तिचा दीर झुल्फिकार म्हणायचा, "भाभी, तुमी गाडी पाळली न्हाई, रेडकू पाळलंय."

या झुल्फिकारची भोर ते वेल्हे माणसं भरून नेणारी वडापची जीप. बायको नुजहत हीसुद्धा बांगड्या भरायची. वेल्ह्याकडची लग्नघरं मात्र मासूमा सून होऊन आल्यापासून तिच्याकडं, आणि ती आपल्या घराला मिळावीत असं झुल्फिकारच्या मनात कधीचं होतं. भाभीचं वय झालं, भाभी दमतात, भाभी बसून खातील, असं तो इतक्या मायेनं बोलायचा की मासूमाच्या अंगावर काटा यायचा.

वैशाखात वेल्ह्याच्या ठकुबाईनं नातीच्या लग्नाचं आवतण धाडलं. दुपारी हळद, आणि त्यांच्या घरचा रिवाज असा, की हिरवा चुडा हातात चढल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नाही. त्या सकाळी भोरच्या स्टँडसमोर, चहाच्या गाड्यापाशी, झुल्फिकारनं चार माणसांदेखत विषय काढला.

"भाभी, पेटी द्या जीपमधी. नुजहत भरंल चुडा. ह्या डबड्यानं वेल्हा दिसायचा न्हाई तुमाला."

"दिसंल."

"रातभर लाईट न्हवती. किती भरलीय बॅटरी?"

"भरलीय तेवढी भरलीय."

"म्हंजी अर्धी." झुल्फिकारनं जीपच्या टपावरचा दोर काढून खांद्यावर टाकला. "ह्यो घेऊन येतो मागनं. कुठं बसाल तिथनं वढत नेतो."

चहावाल्यासकट सगळे हसले. मासूमानं बशी खाली ठेवली.

"ऐक, झुल्फिकार. आज माझ्या गाडीला दोर लागला, न्हाईतर हळदीआधी म्या पोचले न्हाई, तर चावी तुझी. गाडी भंगारात घाल. वेल्हाबी तुझा. म्या घरात बसून तसबीचे मणी मोजीन."

"आन् पोचला तर?"

"तर मरंस्तोवर माझ्या गाडीला डबडं म्हणायचं न्हाई. आन् माझं वय काढायचं न्हाई."

"कबूल," तो म्हणाला आणि दोर जपून जीपमध्ये ठेवला, जणू सोन्याची साखळी होती.

मासूमा निघाली. हायवेवर ट्रकवाले मागून हॉर्न मारत होते. तिनं खिडकीतून हात काढून त्यांना असं पुढं काढलं, जसं काही तेच तिची परवानगी मागत होते. नसरापूरला वळली तेव्हा बॅटरीचा काटा पोट आत घेतल्यासारखा दिसू लागला. नसरापुरात लाईट नव्हती, नसणारच होती. पण मार्गासनीला या वेळी असायची. तिथं बाळाबाईची पिठाची गिरणी, आणि गिरणीत जाड प्लग.

गिरणी धडधडत होती आणि दारात दळणाचे डबे घेऊन बायका बसल्या होत्या.

"बाळाबाई, जरा करंट द्या गं. वेल्ह्याला हळद हाय."

"घ्या की. पर गिरणी मंदावली तर डबेवाल्यांचा सराप तुमाला."

वायर लावली. गिरणीचा आवाज जरा खाली बसला, तशा बायका गाडीकडं वळल्या आणि गाडीतल्या बांगड्यांच्या हिरव्यागार माळा त्यांना दिसल्या. त्यातल्या बहुतेक त्याच लग्नाला निघायच्या होत्या.

"चाची, आमालाबी भरा की. लगनात काय मोकळ्या हातानं जायाचं?"

आता मासूमाला हे टाळता आलं असतं. पण गाडी तशीही उभीच होती, असं तिनं स्वतःला सांगितलं. पहिलीचा हात दाबून माप घेतलं, बोटं जुळवली, बांगड्या चढवल्या. मग दुसरी. मग तिसरीची जाऊ, मग जावेची नणंद. मण्यारणीनं एक हात भरून दुसरा मोकळा ठेवून उठायचं नसतं, आणि हे बायकांना चांगलं ठाऊक होतं. एकीचा दुसरा हात होतोय तोवर पुढची आपला पहिला हात पिठासकट मांडीवर आणून ठेवायची. तिचा भरायला घेतला की तिसरी. मासूमा अशी अडकली, की उठायला फटच सापडेना.

आणि तेवढ्यात गिरणी गप्प झाली. लाईट गेली, ठरल्या वेळेच्या बरीच आधी.

मासूमानं शेवटच्या बाईचा दुसरा हात तेवढा पुरा केला. काटा पाहिला. जरासा वर आला होता, उपास सोडताना खजूर खाल्ल्याएवढा. तेवढ्यात झुल्फिकारची जीप दारात येऊन उभी राहिली. त्यानं भरलेले हात पाहिले, बंद गिरणी पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम प्रेमळ झाला.

"चला गं वेल्ह्यावाल्या, बसा जीपमधी! भाभी, तुमी व्हा फुडं. म्या हाय मागं. दोरबी हाय."

बायका जीपमध्ये कोंबून बसल्या, बाळाबाई गिरणीला कुलूप लावून पुढच्या सीटवर. मासूमानं दार ओढून घेतलं. "चल गं बये," ती गाडीला म्हणाली, "तुझी न माझी अब्रू एकाच पेटीत हाय."

विंझरपर्यंत गाडी चालली. त्यापुढं चालली म्हणण्यापेक्षा विचार करत गेली. वेल्ह्याच्या अलीकडं एक चढ आहे, तसा फार मोठा नाही, पण त्या दिवशी तो समोरच्या तोरण्याच्या बरोबरीनं उभा राहिला होता. निम्म्यावर गाडीनं एक श्वास घेतला आणि तिथंच राहिली. मासूमानं हँडब्रेक ओढला. घाम पुसला. मागं जीप थांबल्याचं तिला आरशात दिसलं. झुल्फिकार दोर घेऊन असा उतरला, जसा नवरदेवाचा मामा.

"भाभी, गाठ कुठं मारू?"

"तुझ्या जिभंला मार."

"आता हट्ट सोडा. ऊन डोक्यावर आलंय. तिकडं हळद वाटून झाली असंल."

ते खरं होतं, म्हणून मासूमाला जास्त लागलं. तिनं जीपमधल्या बायकांकडं पाहिलं. "बायांनो, जरा हात लावा गं. चढ सरला की ती आपली जाती."

बायका खाली उतरल्या, गाडीभोवती जमल्या आणि एकमेकींकडं बघू लागल्या.

"चाची, आत्ताच भरल्यात वो," एक म्हणाली. "हिरव्या. पिचल्या म्हंजी? शुभकार्याला निघालोय."

 जन्मभर बायकांना मासूमानंच सांगितलं होतं, की नव्या चुड्याला त्या दिवशी धक्का लागू देऊ नका. झुल्फिकार बंपरपाशी बसून दोर सोडू लागला.

बाळाबाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं, मग गाडीच्या पाठीकडं.

"ए झुल्फिकार, सरक. हात न्हाई लावायचा, पर पाठीला कुणी मना केलंय?" आणि तिनं गाडीकडं पाठ फिरवली, कंबर टेकवली, दोन्ही हात आभाळाकडं केले. "या गं! हात वर! बांगडीला बांगडी लागू देऊ नका!"

झालं. सगळ्या बायका पाठमोऱ्या उभ्या, हात वर, कोपरापर्यंत हिरव्यागार. मासूमानं ब्रेक सोडला. गाडी हलली.

"चाची, तुमी उतरा की! वजन कमी हुईल!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ड्रायव्हरनं उतरायचं नसतं!"

गाडी चढू लागली. समोरून वेल्ह्याची एसटी आली. ड्रायव्हरनं पाहिलं तर रस्त्यात बायकांची रांग, सगळ्यांचे हात वर, पुढं एक बंद गाडी. त्याला वाटलं दरोडा पडलाय. त्यानं एसटी थांबवून स्वतःचे हात वर केले. त्याचं बघून कंडक्टरनं केले, आणि कंडक्टरचं बघून सबंध एसटीनं, त्यात एक म्हातारा असा की त्याचा खांदा कैक वर्षं वर होत नव्हता, तो त्या दिवसापासून मोकळा झाला. आजही तो वेल्ह्याच्या बाजाराला येतो, हवं तर विचारावं.

चढ सरला. एकही बांगडी पिचली नाही. पुढं उतार लागला तशी मासूमानं पाय काढून घेतला आणि गाडी घरंगळू लागली. या गाड्यांची ही एक बरी खोड, उतारावर घरंगळताना त्यांच्या पोटात थोडा करंट पडतो. काटा केसभर वर सरकला आणि त्या केसभरावर ती वेल्ह्यात शिरली, मांडवाच्या दारापर्यंत.

ठकुबाई दारातच उभी होती. नवरी पाटावर, हळदीची वाटी समोर, आणि मांडवातल्या बायका घाई करत होत्या. "न्हाई म्हंजी न्हाई," ठकुबाई त्यांना दटावत होती, "मासूमा आल्याबिगर बोट लावू देणार न्हाई." मासूमा पेटी घेऊन आत गेली, पोरीचा हात हातात घेतला आणि एकेक करून हिरवा चुडा चढवला. मग ठकुबाईनं वाटी पुढं केली आणि हळद लागली.

झुल्फिकार बायकांना जीपमध्ये घालून तिच्याआधीच मांडवात पोचला होता. जीपला काय, चढ म्हणजे चढच नव्हता. चहा पिऊन झाल्यावर तो मासूमापाशी आला.

"भाभी, हे काय पोचणं झालं? ढकलत आणली तुमी."

"दोर लावला?"

"न्हाई, पर..."

"हळदीआधी आले?"

"आलात. पर गाडी गाडीनं आली न्हाई."

"तुझी जीप ढकलस्टार्ट करत्यात तवा तू भाडं सोडतोस व्हय रे?"

बायका हसल्या. झुल्फिकारनं डोकं खाजवलं, पण हेका सोडला नाही. "बरं, ऱ्हाऊ द्या. पर खरं सांगा. आता परत कशा जाणार? वेल्ह्याला लाईट कधी येती ते वीजवाल्यांनाबी ठावं न्हाई. हितंच बसाल दोन दिस."

"बसीन," मासूमा म्हणाली. "तुझं खरं हाय. लाईटची मिजास सोसावी लागती, बॅटऱ्या दमल्यात, चढाला रुसती. समदं खरं हाय. पर तुझ्या जीपनं म्या कुठं गेले की लोक म्हणत्यात, झुल्फिकारनं भाभीला आणलं. हिनं आले की म्हणत्यात, मासूमा आली."

 हरलेल्या माणसाला शेवटचा एक प्रयत्न करावासा वाटतोच. त्यानं हसत हसत हात पुढं केला, तळवा वर. "द्या की चावी, भाभी. निदान सावलीत तरी लावतो."

मासूमानं तो हात हातात घेतला. बोटं जुळवली, अंगठा आत मुडपला, पंजा दाबून पाहिला, डावीकडून, उजवीकडून. सगळा मांडव बघत होता.

"तुझ्या मापाच्या बांगड्या न्हाईत माझ्याकडं," ती म्हणाली आणि हात सोडून देऊन मोठ्यानं हाक मारली, "कुणाचा ऱ्हायलाय गं हात? या फुडं!"