सैल केलेली कॉलर

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. शिंपी गळ्यात अडकवतात ना, ती कापडाची, आकडे छापलेली. माझे आकडे आता पुसट झाले आहेत. शिलाई मशीनच्या खणात, मोडक्या सुया आणि विजोड बटणांच्या संगतीत मी पडून असते.

मला दुकानात आणलं ते मास्तरांनी. अख्खी गल्ली त्यांना मास्तरच म्हणे. दुकान उघडलं की आधी मला गळ्यात घालायचे, मग केर काढायचे. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. एखादं ढेरपोटं गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहिलं, की म्हणायचे, "सोडा श्वास. घरी जाऊन सोडलात, तर बटण माझ्या नावानं बोंब मारील."

गळ्याशीच राहत असल्यामुळे मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. जबड्याखाली, उजव्या बाजूला, काहीतरी टणक माझ्या अंगाला लागू लागलं. पूर्वी एकदा त्यांचा गळा सुजला होता. ताप आला, गिळताना दुखलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या आणि आठवड्याभरात सूज उतरली. म्हणून याही वेळी गुळण्याच झाल्या. ही सूज मात्र दुखतही नव्हती आणि उतरतही नव्हती.

"अहो, एकदा दाखवून या ना," त्यांची बायको म्हणाली.

"काय दाखवू? गाठ आहे. शिंप्याकडे गाठी नसतील तर कुणाकडे? दोऱ्यालाही येते."

"दोऱ्याची तुम्ही लगेच कापता."

"मग हीही कापू, सवड झाली की." ते हसले. ती हसली नाही.

पुढे आवाज घोगरा झाला. गिऱ्हाइकं विचारायची, "मास्तर, आवाज कुणाला शिवून दिलात?" मास्तर कैची चालवत मान डोलवायचे.

त्यांची मुलगी दुकानातच काज-बटणं करायची. एकदा तिनं बाबांच्या शर्टासाठी माप घेतलं. मला गळ्याभोवती फिरवलं आणि तिचा हात थांबला.

"बाबा, गळा वाढलाय."

"वय झालं की माणूस सुटतो. सैल धर."

"छाती-कंबर तर उतरलीय."

"तू शिवायला बसलीस की डॉक्टरकी करायला?"

तिनं कॉलर सैल धरली. काही दिवसांनी तीही आवळू लागली. तेव्हा मास्तरांनी स्वतःच बटण उसवून अगदी काठाला लावलं. हा उपाय एखाद्या शिंप्यालाच सुचावा. कपडा बसत नसेल तर चूक कपड्याची, अंगाची नव्हे, हेच तर ते जन्मभर मानत आले होते.

शेवटी घास अडकू लागला, तेव्हा मुलीनं दुकान अर्ध्यातच बंद केलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. मी गळ्यातच होते. डॉक्टरीणबाईंनी मला काढून मुलीच्या हातात दिलं आणि कितीतरी वेळ गळा चाचपला.

"दुखत नव्हतं, म्हणून आलो नाही," मास्तर पुटपुटले.

"दुखत नव्हतं आणि उतरत नव्हतं, म्हणूनच यायचं होतं. दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, तेव्हाच आला असतात तर वेळेत समजलं असतं. मला हा कॅन्सर वाटतोय, आणि आता फार पसरलाय."

मुलगी मला बोटांभोवती गुंडाळत राहिली, बोटं पांढरी पडेपर्यंत.

ऑपरेशन झालं आणि मास्तरांचा आवाज गेला. मुलीला बोलवायचं तर ते कैची टेबलावर ठोकायचे. पुढे कैचीही उचलवेना. मग मास्तर गेले, आणि दुकान बरेच दिवस बंदच राहिलं.

आता दुकान मुलगी चालवते. तिच्या गळ्यात नवी पट्टी आहे. माझ्याकडे तिला बघवत नाही. तिची चूक नव्हती, हे मी तिला कसं सांगू?

तुम्हाला मात्र सांगते, मित्रांनो. घसा धरला, ताप आला, की गुळण्या करा, विश्रांती घ्या. पण श्वास अडू लागला किंवा थुंकीही गिळवेना, तर एक क्षणही थांबू नका. गाठ उतरेना, आवाज बसलेलाच राहिला, घास अडला, तरी डॉक्टरांकडे जा. तुमच्या घरातलं मोठं माणूस चेष्टेवारी नेईल, तुम्हाला गप्प करील. त्याचा हात धरून घेऊन जा. रागावेल ते. रागावू द्या. रागवायला त्याच्याकडे आवाज तरी असेल.