ओ न देणारी फॅक्टरी

राजश्रीने ऑफिसचा मेन स्विच खाली ओढला. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. शीतगृहांच्या तापमानावर आणि साऱ्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवणारा कोपऱ्यातला सर्व्हर गप्प झाला.

"अगो, डोकं फिरलं काय तुझं?" भिकाजीशेठ खुर्चीतून अर्धे उठले.

"शीतगृहांची लाइन वेगळी आहे, शेठ. आंब्याच्या रसाला धक्का नाही. फक्त पहारेकरी मेलाय. तो मेल्याचं तुम्हाला आता कोण सांगणार?"

मे महिन्यातल्या एका रविवारी हेच झालं होतं. वीज गेली, तिच्याबरोबर सर्व्हरही गेला, इशारा आलाच नाही. घराच्या गच्चीवरून अंधारलेली फॅक्टरी पाहून राजश्रीने शेठना सात फोन केले, कारण जनरेटरची किल्ली त्यांच्याकडे. शेठच्या मोबाइलवर मात्र एकाचीही नोंद नव्हती. रस नासला आणि राजश्री खोटारडी ठरली. टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलेली, कॉम्प्युटर आपल्या हिमतीवर शिकलेली बाई. खापर फोडायला डोकं आयतंच सापडलं. पहारा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवर न्या, असं ती तेव्हापासून सांगत होती. शेठचा पुतण्या विनीत म्हणत होता, मोठा सर्व्हर घ्या आणि कारभार माझ्याकडे द्या. निकाल आज लागायचा होता.

"काका, इथली नेटची लाइन पावसात चारदा तुटते," विनीत म्हणाला. "तुटली की क्लाउड आंधळा. शिवाय आपली माहिती परक्याच्या घरात."

"थर्मामीटरचे आकडे जातात. रसात साखर किती, ते नाही जात." राजश्री शेठकडे वळली. "तुमच्या बोटी होत्या तेव्हा संध्याकाळी वायरलेसवर हाक मारायचात ना? काळजी कुठल्या बोटीची करायचात?"

"जी ओ देत नसे तिची," शेठ बोलून गेले.

"क्लाउड तेच करतो. कालपासून चाचणीला लावलाय. मिनिटामिनिटाला हाक मारतो. ओ आली नाही, की फोन."

"तीन मिनिटं झाली," विनीत घड्याळाकडे पाहत म्हणाला. "कुठाय फोन?"

राजश्रीने टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

शेठचा खिसा वाजला. मालगुंडच्या घरून त्यांच्या बायकोचा, आनंदीबाईंचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू गेला.

"अहो, माझ्या फोनवर एक बाई सांगत्येय, तुमची फॅक्टरी ओ देत नाही म्हणून. इंग्रजीत बोलत्येय मेली, पण दोनदा सांगितलंन. धड आहात ना?"

शेठ राजश्रीकडे वळले. "हिचा नंबर दिलास?"

"तुमचा रविवारी लागत नाही, शेठ."

शेठ आधी रागावणार होते, पण हसूच फुटलं. ते अनवाणीच भिंतीपर्यंत गेले आणि स्विच वर केला. पंखा फिरायला लागला.

"विनीत, त्या सर्व्हरची ऑर्डर फाड. पहारा क्लाउडवर जाईल, आणि कारभार हिच्याकडे. तूही शीक थोडं हिच्या हाताखाली."

अकरा वर्षांत पहिल्यांदा राजश्री शेठसमोरच्या खुर्चीत न विचारता बसली.

फोन पुन्हा वाजला.

"आली हो फॅक्टरी शुद्धीवर," आनंदीबाई म्हणाल्या. "आता राजश्रीला द्या."

राजश्रीने फोन कानाला घट्ट लावला.

"काय गो, जमलं ना?" पलीकडचा आवाज खाली आला. "रविवारी दुपारी यांचा डोळा लागावा म्हणून फोन मीच बंद करत्ये. त्या रविवारीही मीच केला होता. सांगायचा धीर नाही झाला गो."



"बरं, वहिनी," राजश्री म्हणाली आणि फोन परत दिला.

"काय म्हणाली?" शेठनी विचारलं.

"काही नाही. रविवारी जेवायला बोलावलंय."