सी शाद्लींनी धरलेली तारीख

झालेलं काम पुन्हा जाऊन बघणं म्हणजे आयुष्याची उधळपट्टी, असं सी शाद्लींचं, म्हणजे आमच्या शाद्लीरावांचं, ठाम मत होतं. आणि उधळपट्टी हा शब्द ट्यूनिसियातल्या आमच्या स्फाक्सच्या माणसाला शिवीसारखा लागतो. राजधानीतले ट्यूनिसवाले आम्हाला चिक्कू म्हणून चिडवतात ते चिडवोत बापडे.

हाच स्वभाव त्यांनी आपल्या प्रोग्रामात उतरवला होता. ग्रेमदा रस्त्यावर, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर त्यांची छोटीशी कंपनी होती. शहरातल्या बऱ्याच लग्नाच्या हॉलांच्या तारखा त्यांच्याच प्रोग्रामवर चालायच्या. पूर्वी हा प्रोग्राम डेटाबेसमध्ये तारीख लिहायचा आणि मग ती खरंच लिहिली गेली का हे बघायला पुन्हा एक फेरी मारायचा. सी शाद्लींनी ती फेरीच काढून टाकली. आता लिहायचा हुकूम सोडला की ज्या ओळी बदलल्या त्याच ओळी त्याच दमात उत्तर म्हणून परत यायच्या, हॉलचं नाव, तारीख, कुठल्या घरचं लग्न, सगळं.

"ज्यानं लिहिलं त्यालाच विचारा की," सी शाद्ली म्हणत. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

ही उत्तरं बरोबर येतात का हे तपासायचं काम ओल्फाकडे होतं. ओल्फा म्हणजे बारीक चणीची, मोठ्या चष्म्याची मुलगी. सी शाद्लींचा शब्द न तपासता घ्यायचा नाही यासाठीच आपल्याला ठेवलंय, अशी तिची समजूत होती, आणि ती काही चुकीची नव्हती. एक ओळ बदलली तर एकच परत येते का, ढीगभर बदलल्या तर सगळ्या येतात का, एकही बदलली नाही तर प्रोग्राम गप्प राहतो की उगाच 'मबरूक' म्हणून अभिनंदन करत सुटतो, हे ती दिवसभर उकरून बघत बसायची. शिवाय तिची एक खोड होती. एका खिडकीतून लिहायचं आणि मग पडद्यावर दुसरी खिडकी उघडून, आपण कुणी तिऱ्हाईत आहोत अशा थाटात, लिहिलेलं जागेवर आहे का ते बघायचं.

"तुझ्या सुनेचं काही खरं नाही, पोरी," सी शाद्ली म्हणायचे. "भाकरी भाजून झाली की तू तवा हुंगायला जाशील."

"सासू व्हायला आधी सून व्हावं लागतं, सी शाद्ली. त्यासाठी रजा लागते. ती तुम्ही देत नाही."

तपासायला खोटी लग्नं लागायची, आणि खोट्या लग्नांना नावं लागायची. नावं शोधत बसायला वेळ कुणाला? सी शाद्ली सरळ आपल्या मुलीचं, इब्तिहेलचं, नाव ठोकून द्यायचे. आता या धंद्याची एक रीत आहे. तपासणी संपली की तिनं केलेलं सगळं आपोआप उलटवलं जातं, म्हणजे घाण मागे राहत नाही आणि पुढची तपासणी कोऱ्या पाटीवर सुरू होते. त्यामुळे इब्तिहेलचं लग्न रोज सकाळी लागायचं आणि कॉफी निवायच्या आत मोडायचं.

"मुलीच्या नावानं असं करू नये," ओल्फा म्हणायची. "दृष्ट लागते."

"मशीनला डोळे असतात का?"

आणि मग इब्तिहेलचं लग्न खरोखरच ठरलं. मुलगा वसीम फ्रान्समध्ये, मार्सेयला नोकरीला. ऑगस्टात त्याला रजा मिळणार होती आणि तीही बेताचीच, म्हणजे एकच शनिवार हाताशी होता. ऑगस्टातला शनिवार! त्या महिन्यात बाहेरगावी गेलेले सगळे घरी येतात आणि हॉलसाठी सख्खे भाऊ एकमेकांकडे बघेनासे होतात. इब्तिहेलला दागिन्यांचं वेड नव्हतं, कपड्यांचंही नव्हतं. तिला हवा होता फक्त हाज तिजानींचा बागेचा हॉल. तिच्या आईचं लग्न तिथेच झालं होतं, दोघी मावश्यांचंही. लहानपणी त्या लग्नांत ती टेबलांखाली झोपून गेली होती.

"बाबा, बाकी काही नको. तेवढा हॉल बघा."

"बघा काय? एका हुकुमाचं काम," सी शाद्ली म्हणाले.

त्यांची बायको नझीहा भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हाज तिजानींकडे जाऊन या ना एकदा. चार शब्द बोला, कॉफी प्या. माणूस भेटला की काम पक्कं होतं."

"नझीहा, त्यांना तो प्रोग्राम मी विकलाय. आता मीच दारात जाऊन उभा राहू? उद्या ते मलाच विचारतील, मग प्रोग्राम कशाला घेतला?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी सगळ्यांना भोवती बोलावलं. समोर खिडकी उघडीच होती, रोज वापरायची तीच. तिचं तोंड त्यांनी फक्त हाज तिजानींच्या खऱ्या यादीकडे वळवलं आणि ऐटीत हुकूम सोडला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. बागेचा हॉल, ऑगस्टातला तो शनिवार, इब्तिहेल बिन्त शाद्ली. सी शाद्लींचा ऊर भरून आला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांसाठी बकलाव्याची मिठाई मागवली, यावरून काय ते ओळखा. ओल्फा त्या दिवशी आजारी होती. तिच्या वाटणीचे तुकडेही सी शाद्लींनीच संपवले.

व्याह्यांना फोन गेला. वसीमनं विमानाची तिकिटं काढली. शुभ म्हणून लग्नात नवरीनं ओलांडायचा मासा कुठल्या कोळ्याकडून आणायचा यावर दोन्हीकडच्या आयांचं गोड भांडणही सुरू झालं.

वसंत सरत आला होता. एका शुक्रवारी सकाळी ओल्फा चष्मा कपाळावर चढवून सी शाद्लींच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सी शाद्ली, तपासणीची खिडकी खऱ्या यादीकडे कुणी वळवली होती? मला आज दिसलं."

"मी. इब्तिहेलची तारीख धरली ना त्या दिवशी. परत वळवायची राहिली असेल."

"तारीख या खिडकीतून धरली?"

"मग? खिडकी ती खिडकी. हुकूम गेला, उत्तर आलं, नाव माझ्या या डोळ्यांनी..."

वाक्य तिथेच अडकलं. त्यांना काय आठवलं ते ओल्फाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चिडवायचं म्हणून ती आली होती खरी, पण तिनं हळूच खुर्ची ओढून त्यांच्या मागे ठेवली.

"उत्तर आलं होतं, पोरी," ते बसत म्हणाले. "उत्तर खोटं कसं असेल?"

"खोटं नव्हतंच. त्या घडीला तारीख तुमचीच होती. मग तपासणी संपली आणि रोजच्यासारखं सगळं उलटवलं गेलं. उत्तर तेवढं तुमच्यापाशी राहिलं."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तो मात्र अख्ख्या गावाला वाढून झाला होता.

सी शाद्लींनी खऱ्या नोंदींची खिडकी उघडली आणि हुकूम पुन्हा लिहिला. तो शनिवार मोकळा असेल तर इब्तिहेलच्या नावानं लिही आणि काय लिहिलंस ते सांग. उत्तर आलं ते रिकामं. एकही ओळ नाही. बदललेली ओळ बोलते, न बदललेली बोलत नाही, हा नियम त्यांनी स्वतःच बसवला होता. इतका वाईट नियम जगात दुसरा नसेल असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

"म्हणजे कुणीतरी घेतलीय," ओल्फा म्हणाली. "थांबा, दुसऱ्या खिडकीतून बघते कुणी घेतली ते."

"नको!" सी शाद्ली एवढ्यानं ओरडले की खाली डॉक्टरच्या खुर्चीत बसलेला माणूसही दचकला असेल. "हात लावू नकोस. ओळखीचं नाव निघालं तर? इथं सगळेच ओळखीचे. मग मला त्याच्या दारी जाऊन नाक घासावं लागेल, आणि तो विचारेल, सी शाद्ली, तो प्रोग्राम तुमचाच ना?"

"पण नाव कळल्याशिवाय..."

"मला नाही कळून घ्यायचं!"

त्यांनी कोट उचलला. ओल्फा जिन्यापर्यंत मागे आली. "अहो, नाव तरी बघून जा!" पण उंटावरचे शहाणे तोवर रस्त्याला लागले होते.

घरी जाताना त्यांनी मनात बऱ्याच सबबी जुळवल्या. मशीन बिघडलं. वीज गेली. हाज तिजानींनी घोळ घातला. ही शेवटची सबब त्यांना जरा बरी वाटली आणि लगेच त्यांना स्वतःची लाजही वाटली. हाज तिजानींनी त्यांच्या लग्नात स्वतःच्या हातानं खुर्च्या मांडल्या होत्या. गुन्हा आपला, आणि शिक्षा पोरीला. आपण बाप म्हणून एकच गोष्ट कबूल केली होती आणि तीच केली नाही, हे त्यांना चालता चालता पक्कं कळत गेलं. रस्ता एवढा छोटा असल्याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

घरात मासा घालून वाफवलेल्या रव्याचा, कुसकुसचा वास भरला होता. इब्तिहेल फोनवर वसीमला सांगत होती की बागेत दिवे पिवळेच हवेत, पांढरे लावले की माणसं आजारी दिसतात. तिनं बाबांना बघून हात हलवला. सी शाद्लींच्या सगळ्या सबबी तिथंच गळून पडल्या.

"फोन ठेव, बाळा," ते म्हणाले. "मी तारीख धरलेली नाही."

इब्तिहेलनं फोन ठेवला.

"धरली असं मला वाटलं. उत्तर आलं, आणि मी पुन्हा बघितलं नाही. आता ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. चूक माझी आहे. मशीनची नाही, हाज तिजानींची नाही. माझी." त्यांनी कोट खुर्चीवर टाकला. "तू एवढंच मागितलं होतंस गं."

नझीहानं ताटलीत कुसकुस वाढला आणि त्यावर माशाचा पाठीकडचा तुकडा ठेवला. तो तुकडा ती एरवी पाहुण्यांना वाढायची.

"बसा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची नाही. तिचीच आहे."

सी शाद्ली उभेच राहिले.

"तुम्ही बकलावा खाऊन आलात ना, त्याच संध्याकाळी मी हाज तिजानींकडे गेले होते. म्हटलं, आमच्या घरचं नाव दाखवा बघू. नव्हतं. तारीख कोरी होती. मी तिथंच बसून तिच्या नावानं धरली. कॉफी चांगली देतात अजून."

"म्हणजे ते रिकामं उत्तर..." सी शाद्ली पुटपुटले. "ते आपणच?"

"तारीख कुणाच्या नावावर आहे ते तुम्ही बघितलं नाहीत?" इब्तिहेलनं विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. इब्तिहेल तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागली, आणि ते तिला काही केल्या जमेना.

"आणि मला का नाही सांगितलंस?" सी शाद्ली बायकोकडे वळले. राग आणायचा प्रयत्न केला, तो आला नाही. "इतके दिवस मी गावभर मिरवतोय!"

"मिरवत होतात म्हणूनच नाही सांगितलं." नझीहा त्यांच्यासमोर बसली. "सी शाद्ली, लग्न झाल्यापासून तुम्ही 'झालं' म्हणालात की मी मागून जाऊन बघून येते. गॅस, दवाखान्याची वेळ, हिचा शाळेतला दाखला, तुमच्या आईचं औषध. तुम्हाला कळू न देता. तुम्ही 'झालं' म्हणता ना, तेव्हा या घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मलासुद्धा वाटतं. ते मला मोडायचं नव्हतं."

सी शाद्ली बसले. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त, इतकी वर्षं कुणीतरी आपल्या पाठीशी चालत होतं आणि आपण एकदाही वळून बघितलं नाही, याचं वाईट वाटलं.

"आणि किती वेळा," त्यांनी हळूच विचारलं, "झालेलं नसायचं?"

नझीहानं त्यांच्या ताटलीत आणखी रस्सा वाढला. इब्तिहेलनं हसू आवरलं आणि त्यांच्या दंडाला बिलगली.

"बहुतेक वेळा झालेलं असायचं, बाबा."

तिच्या डोळ्यांत बघितलं असतं तर खरं काय ते त्यांना लगेच कळलं असतं. त्यांनी बघितलं नाही. मुलीच्या हातावर हात ठेवून ते जेवायला लागले.