तिकिटाचं पान

"म्याडम, उघडा ना कपाट. त्या बकरीचं काय झालं त पाहू द्या!"

वर्गाच्या दारात कुलदीप उभा होता. फौजेतला हवालदार, पण चपला बाहेर काढून पोरांसारखाच ताटकळलेला. सात महिन्यांनी सुट्टी मिळाली होती. काल संध्याकाळी गावात पोचलेला हा गडी आज शाळा भरायच्या आत हजर! दीपमालाबाईंनी पर्समधून किल्ली काढली. रोजचीच किल्ली, पण आज काही केल्या कुलपात बसेना.

ही वाचनाची रीत बाईंनीच पाडलेली. कुलदीपची मुलगी आकांक्षा दुसरीत असताना बाप ड्यूटीवर परत गेला की पोरगी महिनाभर मुकी व्हायची. पुस्तक समोर, नजर खिडकीबाहेर. रागावून झालं, लाडीगोडी झाली. शेवटी पुढच्या सुट्टीत बाईंनी कुलदीपलाच वर्गात बोलावलं. "एक पुस्तक वाचून दाखवा पोरांना. पण पुरं करू नका."

हरवलेली बकरी शोधत निघालेल्या एका मुलीची गोष्ट होती. कुलदीपनं चार प्रकरणं वाचली आणि येताना काढलेलं अकोला–बाळापूर एसटीचं तिकीट खूण म्हणून पानात घातलं. तो परत येईपर्यंत पुस्तक कपाटात राहणार, कोणीही उघडायचं नाही, असं बाईंनी अख्ख्या वर्गाकडून कबूल करून घेतलं. आकांक्षा बोलू लागली, बाकीची पुस्तकं एकामागून एक फस्त करू लागली. पुस्तक अर्धं आहे म्हणजे बाबा येणार, अशी तिची साधी समजूत. ती आता चौथीत होती आणि बकरीचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

मग गेल्या महिन्यात वाचन तपासायला साहेब आले. बाईंनी मोठ्या तोऱ्यात आकांक्षाला उभं केलं. साहेबांनी उघड्या कपाटात हात घातला आणि नेमकं तेच पुस्तक काढलं. "खूण आहे इथं. इथूनच वाच."

आकांक्षानं बाईंकडे पाहिलं. "म्याडम, दुसरं कोनतंबी देता का?"

साहेब, ते नको, एवढंच म्हणायचं होतं. साहेब काही वाघ नव्हते, हसून दुसरं काढलं असतं. पण पंचवीस वर्षांची नोकरी साहेबांपुढे मान डोलावण्यात गेलेली. शिवाय, खोटं कशाला बोला, आपली पोरगी कशी घडाघडा वाचते ते दाखवायची हौसही होतीच. "वाच बेटा," बाई म्हणाल्या.

तिनं वाचलं. कुठेही न अडखळता, थेट बकरी सापडेपर्यंत. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. आकांक्षानं खाली पडलेलं तिकीट उचललं, जुन्याच पानात घातलं आणि पुस्तक जागेवर ठेवलं. शाळा सुटल्यावर ती बाईंपाशी आली.

"म्याडम, आता बाबा काय वाचाले येतीन?"

त्या दिवसापासून तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता.

एकदाचं कुलूप उघडलं. कुलदीप सतरंजीवर पोरांच्या मधोमध बसला आणि त्यानं तिकिटाचं पान काढलं.

"पोट्टेहो, पुढं काय झालं, माईत हाय का कोनाले?"

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. सव्वीस पोरं! त्यात तोंडात तीळ न भिजणारा पिंटू पहिल्याच रांगेत.

"नाई!" सगळ्यात आधी पिंटूच ओरडला, आणि मागोमाग सगळा वर्ग.

त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. बाईंनी मोडलेला शब्द पोरांनी परस्पर सांभाळला होता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आकांक्षा बापाच्या गुडघ्याला टेकून बसली होती. पूर्वी ती मधेच बाही ओढून "मंग?" म्हणायची. आजही म्हणत होती, पण पान संपलं की बरोब्बर, नेमून दिल्यासारखं. कुलदीप रंगून वाचत होता, त्याच्या काही ध्यानात आलं नाही. नऊ वर्षांची पोर बापाचं मन राखायला सोंग करत होती, आणि ही वेळ तिच्यावर आपण आणली, हे बाईंना उभ्या उभ्या कळत होतं.

बकरी सापडली. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुलदीपनं लगेच कपाटातून एक जाडजूड पुस्तक निवडलं, पहिलं प्रकरण वाचलं आणि खिशातलं कालचं तिकीट आत सरकवलं.

"घ्या म्याडम, टाका कुलपात."

बाईंनी हात पुढे केला.

"नाई बाबा," आकांक्षा म्हणाली, "हे कपाटात नको. माया दप्तरात राहू द्या."

"काहून वं? म्याडमपाशी त चांगलं राह्यते."

तिनं बाईंकडे पाहिलं नाही. चुगलीही केली नाही. "दप्तरातच बरं हाय," एवढं म्हणून तिनं पुस्तक डब्याखाली ठेवलं आणि चेन ओढून घेतली.

बाईंनी रिकाम्या हातानं कपाट लावलं. या खेपेला किल्ली एका झटक्यात फिरली.