दोन हातांचं पुस्तक

"आणलात का?" सुई टोचून होताच लिफ्टवाल्यांनी डावा हात लांब केला.

टेलरबाईंनी पिशवीत शोधल्यासारखं केलं. "अगं बाई! घरीच राहिला की."

"झालं! टेलर लोकांचं हे नेहमीचंच. बाह्या तेवढ्या राहिल्यात म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला खेटे घालायला लावायचे."

टेलरबाई हसल्या. पुस्तकाचा शेवटचा भाग पिशवीतच होता, डब्याच्या खाली दडपलेला.

डायलिसिसला बसलं की एक हात मशीनचा होतो. उरलेल्या हाताने जाडजूड पुस्तक धरायचं म्हणजे तारेवरची कसरत. पान उलटायला गेलं की ते मांडीवरून घसरायचं. असंच एक सिस्टरच्या पायावर आपटलं, तेव्हा टेलरबाईंनी घरी जाऊन सरळ त्याच्यावर कात्री चालवली. हलके हलके भाग पाडले आणि प्रत्येकाची पाठ निळ्या दोऱ्याने शिवली. शेजारच्या खुर्चीवरचे लिफ्टवाले पुस्तकाची ती दशा बघून आधी हळहळले. उभं आयुष्य त्यांनी अडकलेल्या लिफ्ट सोडवण्यात घालवलेलं. मोडतोड त्यांना बघवत नसे. मग म्हणाले, "वाचून झालेला तुकडा इकडे सरकवा."

बाईंचा उजवा हात मोकळा, त्यांचा डावा, आणि मधे जेमतेम एक स्टूल. वर्षभर पुस्तकं त्या स्टुलावरून पलीकडे जात राहिली. बाई कायम एक भाग पुढे असत आणि पुढचं सांगायला सक्त मनाई होती.

एकमत मात्र क्वचितच. तुरुंगातल्या माळ्याच्या पुस्तकावर बाईंचा जीव जडला, तर लिफ्टवाल्यांनी "फार रडारड" म्हणून नाक मुरडलं. त्यांना बोटीवरच्या आचाऱ्याचं पुस्तक आवडलं, आणि बाईंनी त्यावर यथेच्छ जांभया दिल्या. वर्ष संपताना ज्याने त्याने आपलं सगळ्यांत आवडतं पुस्तक सांगायचं, असं ठरलं होतं.

सध्याचं पुस्तक दोन भावांचं होतं. बोलणं टाकलेला धाकटा भर थंडीत थोरल्याच्या दाराशी येऊन उभा राहतो, तिथे लिफ्टवाल्यांकडचा भाग संपला होता. दार उघडतं का, ते शेवटच्या भागात.

आणि मागच्या खेपेला ते अगदी सहज म्हणाले होते, "एवढं पुस्तक संपलं की मी थांबणार."

"कुठे?"

"इथे यायचा. हातात शीर उरली नाही हो आता. डॉक्टरांशी बोललोय. लेकीशीही."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

म्हणून टेलरबाईंनी तो भाग दडवला. पुस्तक संपलंच नाही, तर माणूस येत राहील. इतका साधा हिशेब.

पुढच्या खेपेला ते आले खरे. चेहरा सुजलेला, ओठ काळवंडलेले. शीर सापडेना. सिस्टर पुन्हा पुन्हा सुई घालत होती आणि ते दात आवळून छताकडे बघत होते. आपल्यामुळे हे चाललंय, हे बाईंना कळत होतं. त्यांनी मान फिरवली.

"आणलात का?" जरा वेळाने लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"पुढच्या वेळी नक्की."

"टेलरबाई, पिशवीतून निळा दोरा दिसतोय मला."

बाईंचा चेहरा पडला. "मग ओढून घ्या ना."

"तुम्ही द्याल तेव्हा घेईन."

हात पिशवीपर्यंत गेला, आणि बाईंनी तो मागे घेतला. "पुढच्या वेळी देते. शपथ."

"बरं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या वेळी खुर्ची रिकामी होती. धापा टाकत त्यांची लेक आली. "काकू, बाबांनी तो भाग मागितलाय. आता डोळे उघडत नाहीत, पण मी वाचून दाखवीन."

बाईंचा एक हात मशीनमध्ये. दुसऱ्याने पिशवी अख्खी उलटी केली. "घे, घे. पळ बाई, वाटेत थांबू नकोस."

चार दिवसांनी ती सगळे भाग घेऊन परत आली, तेव्हा विचारायची गरजच नव्हती.

"एक पान वाचलं, काकू. पुढे ऐकायला कुणी नव्हतं."

बाईंनी भाग वेळेवर दिला असता, तर त्यांनी तो आपल्या डोळ्यांनी वाचला असता. एवढीशी गोष्ट, आणि तीही आपल्याला सोडवली नाही.

"ह्या वर्षीचं सगळ्यांत आवडतं पुस्तक हेच, असं बाबा म्हणत होते. मी म्हटलं, अजून संपलं कुठे? तर म्हणाले, बाईंना द्यायला जड जातंय, म्हणजे शेवट चांगलाच असणार." लेकीने डोळे पुसले. "उघडतो का हो थोरला दार?"

पुस्तकात दार उघडत नाही. आत कुणी राहतच नसतं.

"उघडतो ना," टेलरबाई म्हणाल्या. "वाटच बघत असतो."

तो भाग मात्र त्यांनी तिला वाचायला दिला नाही.

घरी त्यांनी निळे दोरे उसवले आणि सगळे भाग एकावर एक ठेवले. एवढी जाडी शिवणयंत्राखाली जाईना, तेव्हा दाभण घेऊन हातानेच शिवायला बसल्या.

पुढच्या खेपेला ते पुस्तक मधल्या स्टुलावर होतं. पलीकडच्या खुर्चीवर कुणी नवा माणूस झोपला होता.

"अहो, हे एका हाताने कसं धरणार?" सिस्टरने विचारलं.

"नाहीच धरता येत. पलीकडचाही एक हात लागतो," टेलरबाई म्हणाल्या, आणि सुईसाठी डावा हात पुढे केला.