गोमूचा बाप

भागोजीनं आपल्या पोराचे, मोरूचे केस कापले ते शिमग्याच्या चार दिवस आधी. मोरू तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शिमग्यात गावोगाव फिरणाऱ्या खेळ्यांमध्ये तो गोमू व्हायचा, म्हणजे लुगडं नेसून, अंबाडा घालून बाईसारखा नाचायचा. त्यासाठी त्यानं केस कमरेपर्यंत वाढवले होते. खेळे त्यांच्या गावात, कुडपणात आले की भागोजी दार लावून घरात बसायचा.

त्या वर्षी पोलादपूरच्या बाजारात कुणीतरी त्याला ‘काय रे गोमूच्या बापा’ अशी हाक मारली. लोक हसले. भागोजी तसाच डोंगर चढून घरी आला. मोरू पडवीत जेवत होता. भागोजीनं त्याची मान गुडघ्याखाली दाबली आणि विळ्यानं केस कापले. त्याची आई तुळसा मध्ये पडली, तिच्या हाताला विळा लागला.

सकाळी मोरू घरात नव्हता.

पुढची तीन वर्षं तो मुंबईला गिरणीत आहे, असं भागोजी लोकांना सांगत राहिला. मग एकतीस सालच्या पौषात शेजारच्या कापडे गावचा रामा घरी आला. तो श्रीवर्धनला सुपारीच्या बागेत कामाला होता.

“तुमचा मोरू तिकडं नाचतो,” तो म्हणाला. “दर्याकाठच्या गावांत नाव हाय त्याचं.”

तुळसा म्हणाली, “आना त्याला. नायतर मी जाते.”

महाडच्या बंदरात भागोजीला ओहोटीबरोबर सुटणारा मचवा मिळाला. सावित्री रुंद होत गेली, पाणी खारट झालं, आणि दुसऱ्या दिवशी तो खाडीच्या तोंडाशी कोळमांडल्याला उतरून चालू लागला. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तो वाटेतच थांबला. आधी त्याला ते सपाट रान वाटलं. मग ते हलतंय हे कळलं.

हरिहरेश्वरला देवळाबाहेर बनुबाई नावाची म्हातारी फुलं विकत होती. त्यानं तिला मोरूचं नाव सांगितलं.

“मोरू? आमची गोमू?” ती हसली. “गेल्या शिमग्यात ह्याच अंगनात नाचला. माझं गुडघं गेलेलं, पन बसवंना मला. संपेपत्तूर उभी राह्यले.” मग म्हणाली, “येवढ्या लांबून आलाव, तर परदक्षिना करा. तोबी करायचा.”

प्रदक्षिणेची वाट खडकाच्या चिरेतून थेट पाण्यापर्यंत उतरत होती. पायऱ्या ओल्या होत्या. भागोजी भिंतीला हात लावत खाली गेला. लाटांनी पोखरलेल्या काळ्या खडकांवरून चालताना त्याला वाटलं, इथं पोराचे पाय पडले असतील. तो घाईनं वर आला.

श्रीवर्धनच्या बाजारात दत्ताराम शिंपी भेटला. गोमूची चोळी त्यानंच शिवली होती.

“लोक हसत नाय त्याला?” भागोजीनं विचारलं.

“हसतात ते संकासुराला, खेळ्यांतल्या सोंगाड्याला. मोरू नाचायला लागला की बायका पदरानं डोळं पुसतात. नवरा मुंबैला गेलेल्या बाईचं गानं त्यानं सोता बांधलंय. ती भात पाखडते न वाटंकडं बघते. निस्त्या मनगटानं पाखडतो वो, हातात सूप नसतं, तरी सूप दिसतं.”

भागोजीनं हे नीट ऐकलं. “म्हणून दाखवता का गाणं?”

“मला कुटं येतंय? त्याच्याच तोंडून ऐका. दिवेआगरला ठकूबाईच्या बागेत असतो. पावसाळ्यापास्नं हिकडं आला नाय, पन शिमगा आला की येईलच.”

श्रीवर्धनहून दिवेआगरची वाट शेखाडीवरून जाते. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर. भागोजी दिवसभर चालत होता आणि काय बोलायचं ते जुळवत होता. ‘आईनं बोलावलंय’ एवढंच म्हणायचं, असं आधी ठरलं. मग वाटलं, काहीच बोलू नये. शिमग्यापर्यंत तिथंच कुठंतरी राहावं, त्याचा नाच बघावा, आणि मग जे सुचेल ते बोलावं. असं ठरल्यावर त्याचे पाय भरभर पडू लागले.

ठकूबाई पोफळींना पाणी घालत होती. पन्नाशीची विधवा बाई, एकटीच बाग सांभाळणारी.

“मोरू हितं असतो का?”

तिनं कळशी खाली ठेवली. “तुमी कोन त्याचे?”

“हाय का तो?”

“भादव्यात गेला तो,” ठकूबाई म्हणाली. “थंडीताप आला. सात दिस अंगात होता. काढं दिलं, अंगारा लावला. काय गुन नाय आला.”

भागोजी विहिरीच्या काठावर बसला.

“कळवायचं म्हनून मी गाव इचारलं. सांगंना. आई हाय म्हनाला. बाप मेला म्हनाला.” तिनं पुन्हा विचारलं, “तुमी कोन?”

“चुलता,” भागोजी म्हणाला.

तिनं त्याला भाकरी वाढली. मग समुद्राच्या पुळणीवर नेऊन मोरूला जाळलं ती जागा दाखवली. भरतीचं पाणी कितीदा तरी तिच्यावरून गेलं होतं, तिथं वाळूशिवाय काही नव्हतं. चुलत्यापाशी बोलावं तसं ठकूबाई मोकळेपणानं बोलत होती.

“पोटच्या पोरावानी होता. पन केसांना कुनाला हात लावू द्यायचा नाय. येकदा मी म्हनले, तेल लावते. तर निस्ता थरथरला.”

भागोजीनं मान खाली घातली. रात्री तिथं राहण्याचा तिचा आग्रह त्यानं मानला नाही.

भागोजी घरी परतला तेव्हा तुळसानं सगळं ऐकलं आणि चुलीतली लाकडं ओढून पाण्यात विझवली. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी आणलेलं कुणी खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मला तिथं न्या.”

दोघं त्याच वाटेनं गेली. समुद्र दिसला तेव्हाही तुळसा थांबली नाही.

ठकूबाईनं दोघांकडं पाहिलं. “ही कोन?”

“मी त्याची आई,” तुळसा म्हणाली. मग भागोजीकडं न बघता म्हणाली, “न ह्यो बाप.”

ठकूबाई बराच वेळ भागोजीकडं बघत राहिली. मग तुळसाचा हात धरून ती पुळणीकडं निघाली. भागोजी त्यांच्यामागून निघाला, तशी ठकूबाई वळली. “तुमी हितंच बसा.”

तो बसला. पोफळींच्या पलीकडून आधी नुसती समुद्राची गाज येत होती. मग तुळसाचं रडणं आलं. कुडपणात ती एकदाही रडली नव्हती.

परतायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, “तुमी जा. मी राहते.”

भागोजी एकटाच डोंगर चढला. तुळसा पेरणीच्या तोंडावर रामाबरोबर परत आली. शेतात उतरली, भात लावलं, काढलं. नवऱ्याशी ती बैलांबद्दल बोलायची, वैरणीबद्दल बोलायची. मोरूबद्दल कधीच बोलली नाही.

संध्याकाळी शेजारणी माजघरात यायच्या. त्यांना मात्र ती सांगायची, त्या पायऱ्या कशा पाण्यात उतरतात, बागेत किती गारवा असतो, आणि तिचा मोरू हातात सूप नसताना भात कसा पाखडायचा. ठकूबाईनं ते तिला करून दाखवलं होतं. बायका म्हणायच्या, “परत दाखव गो.” ती परत दाखवायची.

पडवीत, भिंतीच्या अलीकडं बसलेल्या भागोजीला फक्त तिच्या बांगड्या ऐकू यायच्या.