पाठराखीण

माझ्या बहिणीच्या, प्रगतीच्या लग्नात आईला एकच घोर होता, पोरगी लांब चालली. तो घोर तुळजाकाकीनं मिटवला. "मी जाती की पाठराखीण म्हनून. मंग कशाला भ्या?"

काकी म्हणजे शेजारच्या रखमाजीआप्पांची बायको, विजापुराकडची. तिचा कानडी हेल ऐकून आम्ही पोरी लहानपणी हसून लोळायचो. बाळंतपण असो की मयत, बाई पदर खोचून हजर. स्थळ तिनंच आणलं होतं. मुलगा सोलापूरच्या पुढं कुठंतरी सुपरवायझर, हुंडा नको, खर्चही त्यांचाच. मी कुरकुंभला कंपनीत कामाला आहे. इतका गोड बोलणारा सुपरवायझर मी जन्मात पाहिला नव्हता. तसं म्हटलं, तर आई म्हणाली, "प्रतिभा, तुझी जीभ म्हंजी बाभळीचा काटा."

मुलाबरोबर मामा, आत्या, बहीण सगळे आले. देवळात लग्न लागलं, गाडी गेली. काही दिवसांनी काकी नवं लुगडं नेसून परतली. "सोन्यासारखी मानसं हायती," म्हणाली. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

प्रगतीचा फोन आठवडाभर लागला, मग बंद. "रेंज न्हाई तिकडं," काकी सांगायची. पंचमी आली. आमचा भाऊ शंभू तिला आणायला मुराळी म्हणून निघाला. आईनं पिशवीत लाडू आणि हिरव्या बांगड्या भरल्या. "चला काकी, घर दाखवा," तो म्हणाला, तर काकीचे गुडघे दुखायला लागले. दुसऱ्या दिवशी ताप आला. मग मात्र माझं डोकं फिरलं. शंभूला आणि आईला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. गाव कुठलं, असं साहेबांनी विचारलं. "सोलापूरच्या पुढं," एवढंच आम्हाला सांगता आलं. लग्नाच्या फोटोतली आत्या त्यांनी ओळखली. आधीच्या एका लग्नात ती नवऱ्याची आई झाली होती.

घरी येताच मी काकीला हाताला धरून आमच्या अंगणात ओढलं. "कुठं हाय माझी बहीण?"

"सोलापूरच्या फुडं ढाब्यावर दुसरी गाडी आली. मला उतरवलं. तिथनं कुठं नेली, मला ठावं न्हाई."

वाटलं, हिला उभी फाडावी. "पाठराखीण होतीस ना गं तू तिची?"

काकीनं मान खाली घातली नाही. ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या आमच्या आजीकडं, बानूबाईकडं तिनं बोट केलं.

"माझी पाठराखीण ही. रखमाजीला बायकू मिळंना, तवा हिनंच मला आनली. पंचमीला म्हायेरी नेती म्हनली हुती. माझा मुराळी कवा आला? माझं गाव कुठलं, इचार तिला."

आजीचं सूप थांबलं. "लई वर्सं झाली," ती म्हणाली. "नाव ध्यानात न्हाई."

शंभू अजून पिशवी धरून उभा होता. माझ्या मनात एवढंच आलं, की माझी बहीण आता कुठल्यातरी गावात कुणाची तरी काकी होईल, आणि तिच्या बोलण्याला तिथल्या पोरी हसतील.